यंत्रात नसलेली ओळ

लातूरच्या आमच्या घरावर पाटी कधीच नव्हती, तरी लोक यायचे. रस्त्याकडच्या खिडकीतून टेबलावरचे तीन कॉम्प्युटर दिसायचे, त्यामुळं इथं ऑनलाइनची कामं होतात असं गल्लीनं ठरवूनच टाकलं होतं. "ताई, सातबारा निघतो का?" "ताई, पोरीचा फॉर्म भरायचाय, आज शेवटची तारीख हाय." सुरुवातीला मी समजावून सांगायचे की हे सेंटर नाही. पुढं ते सोडून दिलं. फॉर्म भरून द्यायचे. तेवढ्या निमित्तानं दहा मिनिटं कुणीतरी समोरच्या खुर्चीत बसायचं.

एकदा एका गृहस्थांचा फॉर्म भरून झाला. ते उठता उठता थांबले आणि म्हणाले, "आन् मग तुमचं खरं काम काय हाय?"

"दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासले जातात ना, त्यातलं किती तपासून झालं ते मी मोजते."

"म्हंजी तुम्ही तपासता."

"नाही. तपासणारे वेगळे. त्यांच्या तपासणीत काय आलं आणि काय सुटलं, एवढंच मी बघते."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी मास्तर न्हाई, साहेब बी न्हाई. हजेरी घेता म्हणा की."

पंचवीस वर्षं हे काम केलं, पण याहून नीट मला स्वतःला सांगता आलेलं नाही.

पोलिओच्या मोहिमेत बायका घरोघर जातात आणि डोस दिला की दारावर खडूनं खूण करतात. संध्याकाळी कुणी गल्लीतून चक्कर मारली तर कुठलं दार राहिलं ते लगेच कळतं. प्रोग्रामचंही तसंच करतात. त्यात हजारो ओळी असतात. चाचण्या चालवल्या की कोणत्या ओळींवरून काम पुढं गेलं, त्याची खूण एक साधन करत जातं. पोचलं ती ओळ हिरवी, नाही पोचलं ती लाल. शंभरातल्या किती हिरव्या, तो आकडा म्हणजे कव्हरेज. खुणेचा अर्थ कुणीतरी दारापर्यंत गेलं होतं, एवढाच. लेकराच्या तोंडात डोस पडला की नाही, हे खडू सांगत नाही. ही गोष्ट मी कितीतरी साहेबांना सांगितली. ते मान डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "मग शंभर टक्के कधी होणार?"

मी आधी पुण्यात होते. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा परत आले. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक, लग्न झालेलं नव्हतं. कंपनी रुग्णालयांसाठी यंत्रं बनवायची. मी राजीनामा घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "कव्हरेजचं काम घरी घेऊन जा. नाहीतरी इथं ते कुणालाच नको आहे." त्या काळात घरून काम करणं ही फार मोठी सवलत होती. मी आभार मानले आणि तीन कॉम्प्युटर टेम्पोत घालून लातूरला आणले.

तीन कशाला, हाही प्रश्न लोक विचारायचे. आमचा एकच प्रोग्राम तीन जागी चालायचा. लिहिणारे विंडोजवर लिहायचे, चाचण्यांचा मोठा सर्व्हर लिनक्सवर होता आणि शेवटी तो यंत्राच्या आतल्या छोट्या चिपमध्ये जायचा. माणसानं लिहिलेलं यंत्राला थेट कळत नाही, मधे भाषांतर करणारा एक प्रोग्राम लागतो. तो कंपायलर. प्रत्येक जागेचा कंपायलर वेगळा, आणि दोन भाषांतर करणारे एकच मजकूर कधी सारखा उतरवत नाहीत. एखादा शब्दाला शब्द ठेवतो. दुसरा जास्त हुशार असतो, त्याला जे वाक्य फालतू वाटेल ते काम भरभर व्हावं म्हणून गाळून टाकतो. म्हणून तीन जागचं कव्हरेज वेगवेगळं मोजायचं आणि शेजारी शेजारी ठेवायचं. फरक दिसला की कारण शोधायचं. कारण बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक असायचं.

एका प्रकरणात तर सगळं ऑफिस महिनाभर एकमेकांवर चिडलं होतं. विंडोजवर एका फाइलीचं कव्हरेज उत्तम यायचं, लिनक्सवर तीच फाइल निम्मी लाल. चाचण्या लिहिणारे म्हणायचे सर्व्हर बिघडलाय, सर्व्हरवाले म्हणायचे चाचण्याच खोट्या आहेत. मी दोन्ही याद्या कागदावर छापून घेतल्या आणि पट्टी धरून वाचत गेले. फाइलीच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर कुणी मोठं लिहिलं होतं, कुणी लहान. विंडोजला दोन्ही एकच वाटतात. लिनक्सच्या लेखी ती दोन निराळी माणसं. एका फाइलीच्या खुणा दोन नावांवर वाटल्या गेल्या होत्या. आधार कार्डावर एक स्पेलिंग आणि रेशनकार्डावर दुसरं असलं की आपले काय हाल होतात, तेच. अक्षर दुरुस्त केलं आणि भांडण मिटलं. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. वळून बघितलं तर अप्पा झोपले होते. मी दोन्ही कागद घडी करून ठेवून दिले.

अप्पांचं उदगीरला भांड्यांचं दुकान होतं. आयुष्यभर मराठी, कानडी आणि उर्दूत गिऱ्हाईक केलेला माणूस. झटक्यानंतर तिन्ही भाषा गेल्या आणि कानडीतले दोनच शब्द परत आले. नीरु, म्हणजे पाणी. साकु, म्हणजे पुरे. बाकी सगळं डोळ्यांनी. आमचं घर दिवसेंदिवस या दोन शब्दांवर चालायचं.

म्हणून आगाशेंचा फोन मला इतका महत्त्वाचा वाटायचा. आगाशे पुण्याच्या ऑफिसात प्रोग्राम लिहायचे. नवीन प्रोग्राम सर्व्हरवर टाकला की सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा. "सुनंदाताई, टाकलंय बरं का." त्यानंतर कामाचं बोलणं चार मिनिटं. मग त्यांच्या सोसायटीची बंद लिफ्ट, आईचा गुडघा, ऑफिसातला नवा चहा. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी पुणं सोडल्यावर ते नोकरीला लागले होते. पण फॉर्मवाले सोडले तर दिवसभरात पूर्ण वाक्यात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. मी त्या वेळेआधी अंघोळ, अप्पांचं सगळं, नाश्ता उरकून बसायचे.

आमचं सगळ्यात मोठं काम सिरिंज पंपाचं. अतिदक्षता विभागात पेशंटला काही औषधं थेंबाथेंबानं, तासन्‌तास द्यावी लागतात. ते काम हे यंत्र करतं. औषध भरलेली सिरिंज त्यात बसवायची, वेग सांगायचा, मोटर दट्ट्या हळूहळू पुढं सारते. आतापर्यंत किती औषध गेलं याची बेरीज प्रोग्राम करत राहतो आणि मर्यादा आली की मोटर थांबवून भोंगा वाजवतो.

ती बेरीज ठेवायच्या जागेला एक सीमा असते. जुन्या स्कूटरचा मीटर नऊ-नऊ-नऊवर गेला की शून्यावर येतो, तसं. यंत्र दिवसेंदिवस बंद न करता चालवलं तर बेरीज सीमा ओलांडून एकदम खाली येऊ शकते. मग औषध थोडंच गेलंय असं प्रोग्रामला वाटणार आणि तो सोडत राहणार. आगाशेंना हे माहीत होतं. त्यांनी त्यासाठी मुद्दाम एक ओळ लिहिली होती. नवी बेरीज आधीच्या बेरजेपेक्षा कमी आली, तर थांब आणि भोंगा वाजव. तिची चाचणीही होती. आगाशेंच्या विंडोजवर हिरवी, लिनक्सवरही हिरवी.

चिपवर मोजणी मी घरीच करायचे. चाचणी पास की नापास ते सर्व्हरवर ठरायचं, इथं फक्त ओळींच्या खुणा घ्यायच्या. कंपनीनं एक पंप माझ्याकडे पाठवला होता. तिथल्या अहवालात ती ओळ हिरवी नव्हती, लालही नव्हती. रंगच नव्हता.

बिनरंगाच्या ओळी असतात. नुसता कंस असलेली ओळ, माणसांसाठी लिहिलेली टीप, यांना रंग येत नाही. टक्केवारीत त्या धरतच नाहीत. म्हणून चिपवरचं कव्हरेजही शंभर टक्केच दिसत होतं. पण ही ओळ म्हणजे टीप नव्हती, तिच्यात काम होतं.

आता कबूल करायची गोष्ट. ही ओळ मी पंपाच्या पहिल्या आवृत्तीतच बघितली होती. वहीत तिच्या नंबरापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं होतं. आदल्या आठवड्यात मी अशाच दुसऱ्या एका बिनरंगाच्या ओळीबद्दल आगाशेंना विचारलं होतं, आणि ती नुसती टीप निघाली होती. "ताई, तुम्ही आता टिपासुद्धा मोजणार का?" म्हणून ते हसले होते. नंतरचे दोन दिवस फोन आला नव्हता. कामात असतील, पण ते दोन दिवस मला फार जड गेले. त्यामुळं या वेळी मी विचारलं नाही. अहवालाखाली सही केली आणि पाठवून दिला. पहिली आवृत्ती दवाखान्यांत गेली.

सव्वा वर्षानं दुसरी आवृत्ती आली. पुन्हा तीच ओळ, पुन्हा रंग नाही. या वेळी मी फोन केला.

"ताई, माझ्याकडं ती हिरवी आहे," आगाशे म्हणाले.

"तुमच्याकडं आहे. चिपवर तिला रंगच नाही."

"मोजायच्या साधनाची काहीतरी गफलत असेल. टक्के शंभर आहेत ना? सोमवारी हे बाहेर काढायचंय हो."

"मला दोन दिवस द्या."

"द्या म्हणजे? मी थोडाच देणार? वर विचारावं लागेल." आवाज बदललेला होता.

कंपायलरनं यंत्रासाठी केलेलं भाषांतर वाचणं हे डोळे दुखवणारं काम. मी दीड दिवस वाचलं. ओळीच्या आधीचं सापडलं, नंतरचं सापडलं, मधलं नव्हतं. कंपायलरनं त्याच्या परीनं बरोबरच विचार केला होता. बेरीज केली की आकडा वाढतो, तो कमी कसा होईल? म्हणजे ही अट कधीच खरी ठरणार नाही. म्हणजे ही ओळ फालतू. त्यानं ती काढून टाकली होती. आगाशेंच्या आणि सर्व्हरच्या कंपायलरनं ती ठेवली होती. दवाखान्यात जाणाऱ्या यंत्रात ती नव्हतीच.

मग मी पंप टेबलावर घेतला, सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं, बेरीज सीमेच्या जवळ नेऊन ठेवली आणि सुरू केला. सकाळचे अकरा वाजले होते. अप्पा पलंगावरून बघत होते. सिरिंजच्या टोकाखाली मी एक छोटी वाटी ठेवली होती. ज्या क्षणी भोंगा वाजायला हवा होता, तो क्षण गेला. पाणी ठिबकत राहिलं. वाटी भरली. मोटर बारीक आवाज करत दट्ट्या पुढं ढकलत होती. पाणी वाटीतून टेबलावर आलं.

"साकु," अप्पा म्हणाले.

मी हलले नाही. मला पुरावा म्हणून सगळं मोबाइलवर घ्यायचं होतं.

"साकु! साकु!" ते चांगला हात पलंगावर आपटायला लागले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. यंत्र काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते थांबायला पाहिजे एवढं त्यांना कळत होतं. मी पंप बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. दुसऱ्या आवृत्तीचा विचार माझ्या मनात नव्हताच. पहिली आवृत्ती दवाखान्यांत सव्वा वर्ष चालू होती.

व्हिडिओ पाठवला. दिवसभर पुण्याहून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी फोनवर बैठक घेतली. सोमवार रद्द झाला. आगाशेंना ती अट अशा रीतीनं लिहायला सांगितली की कुठल्याच कंपायलरला गाळता येऊ नये. दवाखान्यांतल्या पंपांचा प्रोग्राम बदलायचं ठरलं. बैठकीत आगाशे फक्त "हो" आणि "करतो" एवढंच बोलले. साहेब म्हणाले, "सुनंदाताई, उत्तम काम." वहीतल्या प्रश्नचिन्हाबद्दल मी काही बोलले नाही.

त्यानंतर आगाशेंचा फोन बंद झाला. नवा प्रोग्राम टाकला की दोन ओळींची मेल यायची. साडेदहा वाजले की मला कळायचं, मी घड्याळाकडं न बघताही.

कंपनीचं पत्रक निघालं. या त्रुटीमुळं कुणालाही इजा झाल्याची नोंद नाही, असं त्यात होतं. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल. नोंद नाही आणि झालं नाही, या दोहोंतला फरक मोजण्यातच माझा जन्म गेलेला. ज्या दवाखान्यांत हे पंप होते त्यांची यादी माझ्याकडं होती. त्यात नांदेडचा एक होता. मी आत्याला एका दिवसासाठी अप्पांजवळ बसवलं आणि सकाळच्या बसनं निघाले.

नांदेडला मी एम. एस्सी. केलं होतं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तसं वाटायला लागलं की स्टँडवर कुणीतरी न्यायला आलं असेल. माझ्या वर्गातली सगळी मुलं-मुली आता पुण्यात, हैदराबादेत, त्याहून लांब. स्टँडवर ओळखीचं कुणी असायचं कारणच नव्हतं. तरी मी इकडं तिकडं बघितलं.

दवाखान्यात कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. ज्योती सिस्टर भेटल्या. मूळ हदगावच्या, चाळिशीतल्या, पायात पांढऱ्या चपला, बोलणं भराभर. मी म्हटलं, "पंप कसे चाललेत बघायला आले."

"चांगले हायत की. मधीच बोंबलतेत, पण चालतेत."

"जास्त औषध गेलं, असं कधी झालं का?"

त्यांनी मला एका खाटेजवळ नेलं. पंपात बसवलेल्या सिरिंजवर पांढऱ्या चिकटपट्टीचा उभा तुकडा लावलेला होता आणि त्यावर पेनानं आडव्या रेघा, प्रत्येक रेघेशी वेळ.

"हे बघा. दर तासाला दट्ट्या कुठवर आला ते मी लिहून ठेवून राहिले. मशीनच्या आकड्यावर मी पेशंट सोडत न्हाई, ताई. रोज सकाळी मशीन बंद करून परत चालू करायलाच लावते पोरींना."

रोज बंद केल्यावर बेरीज शून्यावर यायची. तिथं सीमा कधी येणारच नव्हती. मला फार हायसं वाटलं.

"असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? सवय हाय."

"सगळ्या दवाखान्यांत करतात असं?"

"ते मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "मी माझ्या वॉर्डाचं सांगते. बाकीच्या वॉर्डात काय झालं, काय न्हाई, ते मला न्हाई माहीत. तुम्हाला का एवढं इचारायचंय? काय झालंय का मशीनला?"

पंपांचा प्रोग्राम बदलायला माणूस येतोय, तोवर रोज बंद-चालू करणं सोडू नका, सगळ्या वॉर्डांना सांगा, असं मी म्हटलं. खरं कारणही सांगितलं. मग त्यांनी मला चहा पाजला आणि एसटीच्या वेळा सांगितल्या. यादीतल्या उरलेल्या दवाखान्यांना मी घरून एकेक करून फोन लावले. बऱ्याच ठिकाणी "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हेच उत्तर मिळालं. जिथं कुणी बोललं तिथं काही वाईट ऐकू आलं नाही. जिथं कुणी बोललं नाही, तिथलं मला आजही माहीत नाही.

पुढं करोनात सगळ्या जगानंच घरून काम केलं आणि माझं एकटीनं काम करणं काय होतं ते सगळ्यांना कळलं. करोना गेला तशी कव्हरेजची मोजणीही आपोआप होऊ लागली, मी फक्त आकडे बघायचे. मग एका उन्हाळ्यात अप्पा गेले. शेवटचे काही महिने ते दोन शब्दही नव्हते. आमच्या लिंगायत रीतीनं समाधी दिली, पाहुणे आले, गेले. पलंग घरात तसाच होता.

दहाव्या-बाराव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"ताई, आगाशे बोलतोय. रजेच्या मेलमध्ये वाचलं."

पावणेतीन वर्षांनी तो आवाज ऐकला. आम्ही अप्पांबद्दल थोडं बोललो. मग ते एकदम म्हणाले, "त्या ओळीचं सांगायचं होतं. पहिल्या आवृत्तीच्या वेळी चिपच्या कंपायलरनं मला इशारा दिला होता. ही अट कधीच खरी होणार नाही, असा. तसले शेकड्यानं इशारे यायचे. मी तो प्रकारच बंद करून टाकला. तुम्ही ते शोधलंत तेव्हा मला तुमचा राग नव्हता आला. तुमच्याशी बोलायची लाज वाटत होती."

मी नुसतं "हं" म्हटलं. ते म्हणाले, "बरं, काळजी घ्या," आणि फोन ठेवला.

मी तिथंच बसून राहिले. त्यांनी सगळं एकट्याच्या अंगावर घेतलं होतं आणि मी घेऊ दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याच्यानं काही झालं नाही. भात लावला तो कुकरमध्ये तसाच राहिला. शेवटी फोन मीच केला.

"आगाशे, मलाही दिसली होती ती ओळ."

"कधी?"

"पहिल्याच आवृत्तीत. वहीत प्रश्नचिन्ह आहे माझ्या. मी विचारलं नाही."

"का?"

"तुम्ही चिडाल म्हणून. तुमचा फोन यायचा बंद झाला असता."

पलीकडून ऑफिसातल्या पंख्याचा आवाज येत होता. फोन ठेवतील असं मला वाटलं. ठेवला असता तरी माझी तक्रार नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "जेवलात का?"

"नाही."

"मीही नाही. डबा उघडतोय. तुम्ही पान वाढून घ्या, मी थांबतो."

मी फोन ओट्यावर ठेवला, कुकर उघडला. भात गार झाला होता, वरण गरम करायला ठेवलं. पलीकडं डब्याची झाकणं निघाल्याचा आवाज आला. "भेंडी आहे," ते म्हणाले. मी ताट घेऊन खुर्चीत बसले, आणि आम्ही जेवलो.